शिक्का दुसऱ्याच्या हाती

एखाद्या संस्थेच्या, पेढीच्या अथवा कारखान्याच्या प्रमुखास, आपल्या गैरहजेरीत येथला कारभार कसा काय चालतो, असा प्रश्न कोणी सहज विचारला, तर बहुतेक प्रमुख एकाच दमात दोन परस्परविरुद्ध उत्तरे देतात. आपल्या हाताखालची माणसे मोठी कर्तबगार आहेत, असे ते प्रथम सांगतात. आणि श्रोता त्या माणसांची तारीफ करावयास तोंड उघडतो न उघडतो तोच, आपण चार दिवस बाहेरगावी गेलो की टपाल तुंबते, देणी थकतात, गिऱ्हाइके परत जातात आणि खिडकीचे फुटलेले तावदान बदलण्याचा निर्णयदेखील आपल्या परतीची वाट पाहत राहतो, हेही ते तितक्याच समाधानाने सांगतात. हे दुसरे समाधान पहिल्याहून अधिक खोल असते, असा मला फार दिवसांचा संशय आहे. ज्याच्यावाचून काही अडत नाही त्याला प्रमुख तरी कशासाठी म्हणावे, हा प्रश्न त्या गृहस्थाच्या मनात कोठेतरी दबा धरून बसलेला असतो, आणि त्या प्रश्नाचे तोंड बंद ठेवण्यासाठी तो रोज रात्री उशिरापर्यंत कचेरीत बसून सह्या करीत राहतो.

काम वाटून देणे त्याला जड जात नाही. जड जाते ती निर्णयाची मुखत्यारी. काम सोपविले म्हणजे विश्वास टाकला, अशी पुष्कळांची प्रामाणिक समजूत असते. परंतु ते काम कोणत्या रीतीने करावे, त्यावर कितीपर्यंत खर्च करावा, कोणास होकार द्यावा आणि कोणास नकार, हे ठरविण्याचा हक्क ज्याला नाही, त्याच्या वाट्याला केवळ श्रम येतात, जबाबदारी येत नाही. सासूने चूल सुनेच्या हवाली करावी आणि मिठाचा डबा मात्र आपल्या खोलीत ठेवावा, त्यातलाच हा प्रकार होय. आणि मग आमटी अळणी झाल्याचा बोल कोणी घ्यावा, हा वाद त्या घरात कधीच मिटत नाही.

अधिकार सोपविण्याच्या या विद्येची जितकी कठोर कसोटी आपल्या इतिहासात १६८९ साली लागली तितकी क्वचितच लागली असेल, म्हणून तिचा वृत्तान्त थोडा विस्ताराने सांगतो. त्या वर्षाच्या फेब्रुवारीच्या आरंभी संभाजी महाराज संगमेश्वरास पकडले गेले आणि मार्चात औरंगजेबाने त्यांचा वध करविला. गादीचा वारस शाहू सात वर्षांचाही नव्हता. अशा वेळी त्याची माता येसूबाई हिने आपल्या पुत्राचा हक्क पुढे न करता एकोणीस वर्षांचे दीर राजाराम महाराज यांस राज्यावर बसविण्यास संमती दिली आणि त्यांनी रायगडच्या वेढ्यातून बाहेर पडावे, असा सल्ला दिला. महाराज एप्रिलात रायगडाहून निघाले, प्रतापगड-पन्हाळा करीत सप्टेंबरात दक्षिणेकडे वळले, आणि वेषांतर करून, शत्रूच्या चौक्या चुकवून, तमिळ मुलखातील जिंजीस पोहोचले. इकडे नोव्हेंबरात रायगड पडला. येसूबाई व शाहू मोगलांच्या हाती सापडले. म्हणजे राजा एका टोकास, राज्य दुसऱ्या टोकास, मध्ये शेकडो कोसांचा शत्रुव्याप्त मुलूख, आणि पत्राचे उत्तर येईपर्यंत ज्या किल्ल्याविषयी ते लिहिले तो कोणाच्या ताब्यात असेल, हे सांगता न येण्याजोगी परिस्थिती.

या परिस्थितीत महाराजांनी जी व्यवस्था केली ती अशी. महाराष्ट्रातील कारभाराची मुखत्यारी रामचंद्रपंत अमात्य यांजकडे दिली आणि त्यांस ‘हुकमतपनाह’ हा किताब दिला. त्यांच्या जोडीला शंकराजी नारायण सचिव, आणि फौजेच्या कामी संताजी घोरपडे व धनाजी जाधव हे सरदार होते. पंतांनी फौजा रवाना कराव्या, किल्ल्यांची तरतूद करावी, मोगलांकडे गेलेल्या मराठ्यांस कौल देऊन परत आणावे, वतनांचे निवाडे करावे, आणि यासाठी जिंजीच्या हुकुमाची वाट पाहत बसू नये, असा या मुखत्यारीचा व्यवहारातील अर्थ होता. ज्या राजाजवळ खजिना नाही, फौज विखुरलेली आहे आणि राजधानी शत्रूच्या घशात गेली आहे, त्याच्याजवळ देण्यासारखी एकच वस्तू उरते, ती म्हणजे त्याचा शिक्का. आणि नेमकी तीच वस्तू त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिली.

येथे कोणी म्हणेल की, दुसरा उपायच नव्हता, मग यात औदार्य कसले? आक्षेप खरा आहे. परंतु उपाय नसतानाही अधिकार मुठीत घट्ट धरून ठेवणारी आणि त्यापायी सर्वस्व गमावणारी माणसे जगात इतकी आहेत की, निरुपायाने का होईना, मूठ उघडणाऱ्याचे कौतुकच करावयास हवे. शिवाय ही व्यवस्था एका रात्रीत आकाशातून पडली नव्हती. तिची पूर्वतयारी शिवाजी महाराजांच्या हयातीत झालेली होती. १६६६ साली महाराज आग्र्यास गेले आणि तेथे नजरकैदेत अडकले, तेव्हा इकडील राज्य जिजाबाईंच्या देखरेखीखाली महिनोन्‌महिने चालू राहिले. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी अष्टप्रधानांची कामे ठरवून देण्यात आली. अमात्याने जमाखर्च पाहावा, सचिवाने राजपत्रे तपासून अधिकउणे शुद्ध करावे, अशी त्यांची वाटणी होती. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन अधिकारी असत: किल्ल्या व हुकमत एकाकडे, हजेरी व दफ्तर दुसऱ्याकडे, कोठार व सामग्री तिसऱ्याकडे. जी जिंजी आयत्या वेळी कामास आली, तीही महाराजांनी १६७७ साली घेऊन बळकट केलेली होती. रामचंद्रपंत हे निळो सोनदेव मुजुमदारांचे चिरंजीव. शिवकाळातच दफ्तरात मुरलेले. राजारामांनी ज्या माणसावर भरवसा टाकला तो माणूस आधीच्या पिढीने घडवून ठेवलेला होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही. कारण ज्या प्रमुखाने वीस वर्षांत कोणास एकही निर्णय घेऊ दिलेला नाही, त्याने संकटसमयी अकस्मात सर्व कारभार हाताखालच्यांच्या अंगावर लोटला, तर तो विश्वास नव्हे, पलायन होय.

पुढील आठ-नऊ वर्षांत काय घडले ते प्रसिद्धच आहे. रायगड पडल्यावर मराठ्यांचे राज्य संपले असे ज्यांना वाटले, त्यांना आता कोणावर चालून जावे हेच कळेना. १६९२ च्या सुमारास पन्हाळा परत आला, राजगड परत आला. त्याच वर्षाच्या अखेरीस संताजीने कर्नाटकात कावेरीपाकजवळ मोगल सरदार अलीमर्दानखानास जिवंत पकडले; १६९५ त दोद्देरीस कासीमखानाची फौज कोंडून त्याचा अंत घडविला; लागलीच हिंमतखान पडला. यांतील कोणत्या मोहिमेचा दिवस, वाट आणि डावपेच राजाराम महाराजांनी जिंजीत बसून ठरविले असतील, अशी कल्पनाही करवत नाही. १६९१ साली घोरपड्यांस दिलेली एक प्रसिद्ध सनद आहे. तिच्यात रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि थेट दिल्ली काबीज केल्यावर अमुक अमुक रकमा द्यावयाच्या, असे अभिवचन दिलेले आहे. स्वतः जिंजीत मोगलांच्या वेढ्यात सापडलेल्या राजाने दिल्लीची भाषा बोलावी हे हास्यास्पद वाटेल खरे. तथापि त्या कागदात प्रमुखाचे काम अचूक झालेले आहे. कोठे जावयाचे ते त्याने सांगितले, पोहोचल्यावर काय मिळेल ते सांगितले, आणि कसे जावयाचे ते जाणाऱ्यावर सोडले.

आता त्याच काळात, त्याच मुलखात, पलीकडच्या छावणीत काय चालले होते ते पाहावे. औरंगजेबाइतका उद्योगी, काटेकोर आणि काटक राज्यकर्ता विरळा. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून वाकेनविसांची व गुप्त बातमीदारांची पत्रे त्याच्याकडे येत आणि त्यांची तो स्वतः दखल घेई. परंतु त्याचा पुत्र शहाजादा अकबर याने १६८१ साली बंड केले तेव्हापासून, किंबहुना आपल्या बापाला आपणच कैदेत ठेवले तेव्हापासून, कोणत्याही कर्त्या माणसाच्या हाती पूर्ण अधिकार द्यावयाचा म्हणजे आपल्या गळ्याभोवती फास घालून घ्यावयाचा, अशी त्याची धारणा होऊन बसली होती. वडील शहाजादा मुअज्जम यास त्याने गोवळकोंड्याच्या वेढ्यात १६८७ साली कैद केले आणि सात-आठ वर्षे अडकवून ठेवले. जिंजीचा वेढा झुल्फिकारखानाकडे दिला, त्याच्यावर शहाजादा कामबक्ष आणि वजीर असदखान यांस पाठविले. परिणामी वेढा घालणाऱ्यांची बुद्धी किल्ल्यापेक्षा एकमेकांवर अधिक खर्च होऊ लागली, आणि शेवटी बाप-लेक असलेल्या वजीर-सेनापतींनी खुद्द बादशहाच्या पुत्रालाच कैद केले. जिंजी घ्यावयास १६९० पासून १६९८ पर्यंत वेळ लागला, आणि घेतली तेव्हा पाखरू उडून गेलेले होते. मग बादशहाने, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, सरदारांच्याने काही होत नाही असे पाहून स्वतः किल्ले घेण्याचा निश्चय केला. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे गड १६९९ पासून पाच-सहा वर्षे तो जातीने वेढीत आणि विकत घेत फिरला. तो पुढे गेला की मागचे गड एकेक करून परत जात. १७०७ साली अहमदनगरास त्याचा अंत झाला, आणि दोन वर्षांच्या आत त्याच्या तीन जिवंत मुलांपैकी दोघे गादीच्या युद्धात मारले गेले.

एक शंका येथे सुज्ञ वाचकाच्या मनात येईल. एकावर दुसऱ्याची नजर ठेवण्याची योजना शिवाजी महाराजांच्या गडांवरही होतीच की. मग तिला शहाणपण म्हणावे आणि बादशहाच्या योजनेला संशय म्हणावे, हा पक्षपात नव्हे काय? माझ्या मते फरक असा की, गडावरील सबनिसाला आपले काम कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे ठाऊक होते. तो हवालदाराच्या कारभारावर नजर ठेवी, हवालदाराच्या मनावर नव्हे. जिंजीच्या छावणीत प्रत्येकाचे काम तेच आणि प्रत्येकावर पहारा दुसऱ्याचा, त्यामुळे तेथे हिशेब कोणी तपासत नव्हते, निष्ठा तपासल्या जात होत्या. हिशेब मागितल्याने चांगला माणूस दुखावत नाही. नियत तपासली की तो एक तर निघून जातो किंवा बनेल होतो.

आजच्या साध्या कचेरीत हेच नाटक लहान रंगमंचावर चालते. प्रमुख एखादे काम व्यवस्थापकाकडे देतो, आणि सायंकाळी त्याच कामाविषयी व्यवस्थापकाला वगळून थेट कारकुनाकडे विचारणा करतो. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाने दिलेला नकार प्रमुखाच्या दालनात जाऊन होकारात बदलून आणता येतो हे गिऱ्हाइकास कळते. तिसऱ्या दिवसापासून व्यवस्थापकाकडे कोणी जात नाही. त्याचे पद कायम असते, वेतन कायम असते, दारावरची पाटीही कायम असते, शिक्का मात्र काढून घेतलेला असतो. सहकारी संस्थांत, शिक्षणसंस्थांत आणि विशेषतः बापाने उभारलेल्या व मुलाच्या नावे केलेल्या धंद्यांत हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की, चाळिशी उलटलेला मुलगा माल पाहावयास आलेल्या व्यापाऱ्यास “वडिलांना विचारून सांगतो” असे म्हणू लागला, की पुढची दहा वर्षे मला स्पष्ट दिसू लागतात.

मात्र सर्व दोष प्रमुखाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. निर्णयाचे ओझे पुष्कळांना नको असते. सरकारी धारिकेवर ‘मान्यतेस्तव सादर’ असे लिहून ती वर ढकलण्यात जे निर्भय सुख आहे, त्याची चटक एकदा लागली म्हणजे हाताखालचा मनुष्य दिलेला अधिकारही सन्मानपूर्वक परत करतो, दारात येऊन, मान किंचित झुकवून, “साहेब, यात काय करावे?” असे विचारतो, आणि विचारले गेल्याच्या आनंदात साहेब उत्तर देऊन टाकतात. अशा एका उत्तरासरशी मुखत्यारी मालकाकडे परत आलेली असते. यावर उपाय एवढाच की, “तुम्ही काय ठरविले आहे?” असा उलट प्रश्न करावा, आणि सांगितलेला निर्णय आपल्या पसंतीचा नसला तरी घातक नसेल तोवर तो चालू द्यावा. ही अखेरची अट पाळणे सर्वांत कठीण. दुसऱ्याने आपल्याहून वाईट केले तर सहन होते, कारण त्यात आपले मोठेपण सिद्ध होते. दुसऱ्याने आपल्याहून निराळे केले आणि तेही साधले, तर ते पचविण्यास फार मोठे मन लागते.

व्यवहाराच्या काही गोष्टी कोरड्या असल्या तरी सांगितल्या पाहिजेत. मर्यादा रुपयांत सांगावी. “तारतम्याने खर्च करा” या वाक्याचा उपयोग पुढे दोष देण्यापलीकडे काही होत नाही. अधिकार दिल्याचे ज्याला दिला त्यालाच सांगून पुरत नाही, ज्यांच्यावर तो चालावयाचा त्यांनाही कळवावे लागते. सनदा आणि किताब भर दरबारी देत, त्यात मिरवणुकीच्या हौसेइतकाच हाही हिशेब होता. आणि चूक झाल्यास ती चारचौघांत आपल्या अंगावर घ्यावी, तिची झाडाझडती दार लावून करावी. हे तिसरे ज्याला जमत नाही, त्याने पहिल्या दोहोंच्या भानगडीत पडूच नये.

राजाराम महाराजांच्या व्यवस्थेचे दोषही सांगितले पाहिजेत, नाही तर हा लेख स्तुतिपाठ होईल. शिवाजी महाराज शक्य तेथे रोख वेतन देत आणि वतनदारीला आळा घालीत. राजारामांना वतने आणि सरंजाम वाटावे लागले, आणि एकदा दिलेले वतन परत मागण्याची सोय नसते. पुढे रामचंद्रपंतांनी कोल्हापूर दरबारासाठी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त वतनदारांविषयी जो सावधगिरीचा इशारा आहे, त्याच्यामागे या काळातले स्वतःचे अनुभव असावेत. दुसरा दोष याहून गंभीर. संताजी आणि धनाजी हे दोन्ही हात शाबूत असेपर्यंत मोगलांची धडगत नव्हती. पण संताजी उग्र, शिस्तीचा कडक आणि बोलण्यात फटकळ, तर धनाजी सर्वांशी मिळून घेणारा. त्यांची तेढ वाढत गेली, आणि तिचा निवाडा करण्याचे जे एकच काम महाराजांवाचून दुसऱ्या कोणाच्याने होण्याजोगे नव्हते, ते महाराजांकडून झाले नाही. त्यांनी निवाडा करण्याऐवजी बाजू घेतली. १६९६ साली संताजीचे सेनापतिपद काढून धनाजीस दिले, मराठी फौज मराठी फौजेवर चालून गेली, आणि पुढच्याच वर्षी शंभू महादेवाच्या डोंगरात तो अजिंक्य सेनानी नागोजी माने याच्या हातून मारला गेला. बाकी सर्व दुसऱ्यावर सोपविता येते. आपण ज्यांच्यावर सोपविले त्या दोघांमधला तंटा मात्र तिसऱ्या कोणावर सोपविता येत नाही.

हे मर्म पुढे छत्रपती झालेल्या शाहू महाराजांना उमगले होते. त्यांना आळशी आणि सुखासीन ठरविण्याची एक रूढी आपल्याकडे आहे. मला ती मान्य नाही. १७२० साली, जुन्या मुत्सद्द्यांची नाराजी पत्करून, त्यांनी एकोणीस वर्षांच्या बाजीरावास पेशवाईची वस्त्रे दिली आणि मग वीस वर्षे त्याच्या मोहिमांच्या आड ते सहसा आले नाहीत. परंतु १७३१ साली डभईच्या लढाईत सेनापती त्र्यंबकराव दाभाडे पेशव्याच्या फौजेकडून मारला गेला, तेव्हा विजयी पेशव्याचे मन राखीत बसण्याऐवजी महाराजांनी त्याची माता उमाबाई हिचे सांत्वन केले आणि सेनापतिपद मृताचा धाकटा भाऊ यशवंतराव यासच दिले. १७४३ साली याहून मोठा पेच पडला. नागपूरकर रघूजी भोसले बंगालवर चालून गेले, तेथील नवाब अलीवर्दीखानाच्या मदतीस बाजीरावाचा पुत्र नानासाहेब पेशवा त्यांच्या पाठीवर गेला, आणि छत्रपतींचे दोन सरदार परमुलखात एकमेकांशी झुंजले. शाहू महाराजांनी दोघांसही साताऱ्यास बोलावून घेतले आणि मुलूख वाटून दिला: बंगाल, ओरिसाकडील बाजू भोसल्यांची, माळवा, आग्रा, अजमेर, प्रयाग पेशव्यांचे. दोन्ही सरदारांची फौज महाराजांच्या खाजगी पागेच्या कैक पटींनी मोठी होती. तरी ती रेघ दोघांनी मानली, आणि महाराजांच्या हयातीत तिच्यावरून पुन्हा हत्यार उपसले गेले नाही.

शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात वारले. सर्व मुखत्यारी पुण्यास आली, पण निवाड्याचे ते आसन तिच्याबरोबर आले नाही. पाचच वर्षांनी कुंभेरीच्या वेढ्यात पुत्र गमावलेल्या मल्हारराव होळकरास सूरजमल जाटाचा सूड हवा होता आणि जयाप्पा शिंद्याने तहाचे बोलणे लावले. दोघांस समोरासमोर बसवून निकाल देणारे कोणी नव्हते, आणि शिंदे-होळकरांची ती अढी दोन पिढ्या पुरली. तिचा शेवट १८०२ त झाला. दुसऱ्या बाजीरावाने शिंद्यांची बाजू धरून आदल्या वर्षी विठोजी होळकरास हत्तीच्या पायी दिले होते. विठोजीचा भाऊ यशवंतराव होळकर त्याचा जाब मागावयास पुण्यावर चालून आला, हडपसरास शिंदे-पेशव्यांची फौज मोडली, आणि आपल्याच दोन सरदारांमधला तंटा न तोडता आलेला पेशवा वसईस जाऊन, त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी, इंग्रजांच्या तहावर सही करता झाला.